सुईणबाईंच्या हातचं वजन

१

आमच्याकडे शिक्क्याशिवाय पान हलत नाही. पाळी बदलली की टेबलावरची जाडी वही उघडायची. कोण किती जेवलं, कुणाचं पोट साफ झालं, कोण कशासाठी रडलं, सगळं त्यात रकान्यारकान्यांत लिहिलेलं असतं. दिवसाला तीन पाळ्या, तिघींचे तीन शिक्के. माझा लाकडी आहे, करंगळीएवढा, त्यावर माझं आडनाव कोरलंय, हामाजी. चौदा वर्षांत तो किती वेळा उमटवला असेल, देव जाणे. दर वेळी वाचून उमटवला असं मात्र म्हणू नका.

तोयामाच्या खाडीवर, जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या जागी आमचं घर आहे. विसरण्याचा आजार जडलेली नऊ म्हातारी माणसं इथे राहतात. आमचा नियम एकच, आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलेला आहे: नाही म्हणायचं नाही. कुणी म्हणालं, माझी बोट सुटेल, तर आपण म्हणायचं, अजून अर्धा तास आहे, तोवर चहा घ्या. वाद घातला की त्यांचा जीव घाबरा होतो, आणि आपल्या डोक्याला ताप.

हा नियम मी इतकी वर्षं पाळला. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं असं मला कधीकधी वाटतं. वाईट झालं असं मात्र मी म्हणणार नाही.

२

इसोनो तोमे, वय एकोणनव्वद. सगळं गाव त्यांना सुईणबाई म्हणतं. बंदरावर त्यांचं तीन खाटांचं प्रसूतिघर होतं. अर्धं गाव त्यांच्या हातून जगात आलं, मीही. आमची चिगुसा, जी माझ्यानंतरची पाळी करते पण सकाळपासूनच घरात असते, तीही. चिगुसाच्या जिभेला हाड नाही. ती त्यांना म्हणायची, "सुईणबाई, मला बाहेर काढलंत तेव्हा थोडं नाक ओढायचं होतंत. लग्न तरी जमलं असतं."

"नाकाचा दोष नाही तो," सुईणबाई म्हणायच्या. "तू आलीस तीच बडबडत."

सकाळी अशी थट्टा चालायची. दुपारचे चार वाजले की त्यांचं सगळं बिनसायचं. कोट चढवून, चपला हातात घेऊन त्या दाराशी उभ्या राहायच्या. "रडलं नाही अजून. मला जाऊ दे. रडलं नाही गं ते." उशी उचलायच्या, पालथी करायच्या आणि पाठीवर थोपटावं तशा थोपटत राहायच्या. डोळ्यांतून धारा. रात्रीचं जेवण तसंच परत जायचं. सप्टेंबरात त्यांचं वजन चौतीस किलो भरलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक किलो उतरलं तर मोठ्या इस्पितळात न्यायचं आणि नाकातून नळी घालायची. तिथे गेलेली आमची तीन माणसं मी पाहिलीत. एकही परत आलं नाही.

"रडलं नाही" म्हणजे कोण, ते घरात मला एकटीला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, माझी मुलगी रडली नाही. सुईणबाईंनी तिला पाऊण तास सोडलं नाही. मग तागडीत ठेवलं, वजन लिहिलं आणि माझ्यासमोर जमिनीला कपाळ टेकलं. तेव्हा त्या माझ्या आताच्या वयाच्या होत्या. मी त्यांना कधी दोष दिला नाही. नवऱ्यानं दिला. पुढे तो कानाझावाला गेला आणि तिकडचाच झाला. बरं झालं.

माझी मुलगी दोन हजार सहाशे पन्नास ग्रॅमची होती.

३

ऑक्टोबरात एका कंपनीकडून शंभर दिवसांसाठी 'सोबती' आला. विसर पडलेल्या माणसांना जवळ घ्यायला काहीतरी जिवंत हवं, आणि खरं जनावर सांभाळणं आम्हाला परवडत नाही, म्हणून हे यंत्र. पांढऱ्या लोकरीचं, ना अस्वल ना सील, दोन काळे डोळे. हाक मारली की मान वळवायचं, थोपटलं की घुमायचं. अंग कोमट. पोटाला एक भोक होतं, त्यात वायर घालून रोज रात्री चार्ज करायचं. ते रडत नसे. रडण्यानं म्हातारी माणसं अस्वस्थ होतात म्हणून तो आवाज त्यात मुद्दाम घातलाच नव्हता, असं कंपनीचे होरिबे सांगून गेले.

आमच्या नऊ जणांतल्या तातेनो आजोबांनी त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणी विणलंय? पाय विसरलेत." आजोबा ठार बहिरे. कानातलं यंत्र लावलं की सूप बेचव लागतं म्हणून ते खणात ठेवतात.

सुईणबाईंनी मात्र दोन्ही हात पुढे केले. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. एकदाच वरखाली केलं, डोळे मिटले.

"दोन हजार सहाशे पन्नास," त्या म्हणाल्या.

चिगुसानं माहितीपुस्तक उघडलं, बघते तर तोच आकडा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अहो, आकडे काय, हजार ठिकाणी सारखे असतात. माझ्या घराचा नंबर आणि बसचा नंबरही एकच आहे. असं म्हणून मी भांडी घासायला गेले.

त्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले. सुईणबाई खुर्चीत बसून होत्या, कोट खुंटीवर. मांडीवर ते. "हे कुणाचं? याची आई कुठाय?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. मग मिसोचं सूप प्यायल्या आणि भाताची वाटी रिकामी केली. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

४

त्यानंतर रोज सकाळी त्या हातानं वजन सांगू लागल्या. "दोन हजार सातशे. ठीक." "दोन हजार सातशे चाळीस. अंगाला लागतंय हो." आम्ही माना डोलवायचो, कारण नाही म्हणायचं नाही.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी सुईणबाईंना न्हाऊ घालून झोपवलं, तेव्हा ते माझ्या काखेत होतं. न्हाणीघरात वजनाची खुर्ची आहे. गंमत म्हणून ठेवलं. सकाळी सुईणबाई म्हणाल्या होत्या, तीन हजार चारशे दहा.

काट्यावर तीन हजार चारशे दहा आलं.

माणसाचं डोकं अशा वेळी फार हुशार होतं. मी म्हटलं, लोकर ओली असेल. कोरडी होती. म्हटलं, सूप सांडून आत मुरलं असेल. मग म्हटलं, काटाच बिघडला. स्वयंपाकघरातून पाच किलोची तांदळाची न फोडलेली पिशवी आणून ठेवली. पाच किलोला पंधरा-वीस ग्रॅम जास्त, पिशवीचे. काटा ठणठणीत होता. तांदूळ परत जागेवर ठेवले आणि काट्याला उगाच फडकं मारलं.

घरात सगळ्यांची मनगटं दुखायला लागली होती. चिगुसा कमरेला पट्टा बांधून यायची. "फुसाएताई, हे मेलं जड झालंय का मी म्हातारी झाले?"

"तू म्हातारी झालीस," मी म्हटलं.

"मग ठीक. मला वाटलं काहीतरी भलतंच आहे."

आणि सुईणबाईंचंही वजन वाढत होतं. पस्तीस. साडेछत्तीस. डिसेंबराच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, असं त्यांनी पाहिलं नव्हतं. खालच्या गावातून दोन बायका मुद्दाम बघायला आल्या. सुईणबाई त्यांना बाळाला आंघोळ कशी घालायची ते शिकवत बसल्या, कोपर पाण्यात बुडवून पाणी कसं पाहायचं तेही. त्यांचा चेहरा इतका स्वच्छ झाला होता की त्यांच्याकडे पाहूनच माझा दिवस बरा जायचा.

५

साठाव्या दिवशी मी त्यांचा खण आवरत होते. खाली, पायमोज्यांच्या मागे, एक इवलीशी हलक्या लाकडाची डबी होती. आमच्याकडे बाळाची नाळ सुकली की अशा डबीत कापसात ठेवतात. मूल मोठं होऊन परगावी निघालं की आई ती त्याच्याबरोबर देते. माझी मी सांभाळून ठेवलीय. सुईणबाईंनी अशा शेकडो डब्या भरल्या असतील, त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही.

उघडली. कापसावर चार्जरच्या वायरचा बोटभर तुकडा होता. टोकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ, सुईणी मारतात तशी दुहेरी. झाकणाच्या आत त्यांच्या हातची बारीक अक्षरं होती. तारीख, सोबती आल्यापासून आठव्या दिवसाची. वजन. मुलगी. आईचं नाव: कोरी जागा.

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले.

मग वही आणली. 'सोबत्याला चार्ज केलं' हा रकाना वरून खाली पाहत गेले. आठव्या दिवसापासून बावन्न दिवस, दिवसाला तीन शिक्के. एकही चुकलेला नाही. त्यातला तिसरा हिस्सा माझा.

चार वाजता चिगुसाला सहज विचारलं, "चार्ज कोण करतं गं याला?"

"रात्रीच्या करतात की."

रात्रपाळीच्या बाईला फोन केला. ती म्हणाली, "आम्ही कशा करणार, रात्रभर तर सुईणबाई कुशीतून सोडत नाहीत. तुम्ही आंघोळीच्या वेळी करता ना?"

"हो, हो," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी सुईणबाईंना डुलकी लागली तेव्हा मी ते उचलून चादरींच्या खोलीत नेलं. दार लावलं. खोली लहान, तिन्ही बाजूंना फळ्या, धुतलेल्या टॉवेलांचा वास. छपरावरून बर्फ घसरून धप्प पडायचं तेवढाच आवाज.

पोटाला कान लावला. पहिल्या आठवड्यात आत मोटारीची बारीक कुरकुर असायची. आता ती नव्हती. दुसरं काही होतं का, हे मी नीट ऐकलं नाही. कान लगेच काढला.

शेपटीखाली बटण आहे. ते दाबून यंत्र बंद केलं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. ते तसंच पाहत राहिलं. मी जागा बदलली, फळीच्या दुसऱ्या बाजूला गेले. मान तिकडे आली, सावकाश. मग त्यानं घुमायला हवं होतं, पण त्याचं तोंड नुसतं उघडलं आणि मिटलं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्याला उघडणारं तोंडच नाही.

खरं सांगायचं तर मी तेव्हा ओरडायला हवं होतं. मुख्य बाईंना बोलवायला हवं होतं, होरिबेंना फोन लावायला हवा होता. पण मग ते तपासायला घेऊन गेले असते. चारला कोट, हातात चपला, ती उशी. चौतीस किलो, मग नळी. मी हिशेब केला तो एवढाच.

त्याला टॉवेलात गुंडाळून परत सुईणबाईंच्या कुशीत ठेवलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "आई सापडली का गं?"

"शोधतोय," मी म्हटलं. नाही म्हणायचं नाही. वहीत शिक्का मारला आणि घरी गेले.

७

शंभरावा दिवस जानेवारीच्या शेवटी आला. बाळाला शंभराव्या दिवशी पहिला घास दाखवतात, तो समारंभ करायचा हे चिगुसाच्या डोक्यातून निघालं. "दुपारी होरिबे नेणारच आहेत. सुईणबाईंचा निरोप तरी गोड होऊ दे." लाल भात केला, डोक्यासकट मासा भाजला, देवळातून मुठीत मावेल असा गुळगुळीत खडा मागून आणला. घास नुसता ओठांना लावायचा असतो, आणि खडा हिरड्यांना, दात बळकट यावेत म्हणून. मग खडा देवळात परत द्यायचा. मुलगी असेल तर घरातली सर्वांत वडील बाई हे करते. म्हणजे सुईणबाईच.

त्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "पाच हजार आठशे वीस." मी न्हाणीघरात जाऊन पाहिलं होतं. तेवढंच.

त्यांनी मासा दाखवला, भात दाखवला, खडा लोकरीला टेकवला. बाकीचे आठही जण पाहत होते. तातेनो आजोबांनी मासा आपल्याकडे ओढून घेतला. सगळे हसले. मी खडा उचलून रुमालात बांधला, तेव्हा तो एका बाजूला ओला होता.

तीन वाजता होरिबे आले. भला माणूस, बुटांवरचं बर्फ झटकण्यात पाच मिनिटं घालवतो. सुईणबाईंसमोर गुडघ्यांवर बसून म्हणाले, "आजी, घेऊन जाऊ का?"

चिगुसानं सुईणबाईंचा कोट आधीच लपवून ठेवला होता.

सुईणबाई म्हणाल्या, "न्या की." आणि मांडीवरच्या त्या यंत्राच्या खाली दोन्ही हात घातले, झबल्यातून मूल काढतात तसे. अलगद वर उचलले. हात छातीशी दुमडले. ते लोकरीचं मांडीवरच राहिलं, मान एकीकडे पडलेली. कोपरानं त्यांनी ते होरिबेंकडे सरकवलं.

"लहान झालंय तिला. धुऊन ठेवा, दुसऱ्या कुणाला होईल."

होरिबे हसले, आम्हीही हसलो. मी जरा उशिरा हसले. त्यांनी पोटाचं झाकण उघडलं, आपलं यंत्र जोडलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"ताई, हे आठव्या दिवसापासून बंद आहे. तुम्ही वापरलंच नाही का?"

चिगुसानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आज सकाळीच तिनं त्याला हाक मारली होती, आणि त्यानं मान वळवली होती.

"वहीत शिक्के आहेत," चिगुसा हळूच म्हणाली.

पार्सलच्या चिठ्ठीवर लिहायला वजन हवं होतं म्हणून होरिबेंनी ते आमच्याच खुर्चीवर ठेवलं. दोन हजार सहाशे पन्नास. खोक्यात घातलं, चिकटपट्टी लावली आणि चहाला नको म्हणत गेले. रस्त्यावर बर्फ वाढत होतं.

८

चार वाजले. पाळी बदलायची वेळ, वही टेबलावर उघडी. मी शिक्का हातात घेऊन उभी होते आणि डोळा दाराकडे. आता त्या येतील. कोट मागतील.

त्या आल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. हात तसेच छातीशी दुमडलेले, उजवा खाली, डावा वर. बर्फावरून चालावं तशा जपून पावलं टाकत माझ्यासमोर आल्या.

"उशीर झाला हो, फुसाए," त्या म्हणाल्या. इथे आल्यापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "रडायला वेळ लागला हिला. घे."

चिगुसा डोळ्यांनी मला खुणावत होती, घे, घे म्हणून. नियमच आहे. मी हात पुढे केले.

त्यांनी आपले हात माझ्या हातांवर टेकवले आणि एकेक करून काढून घेतले, आधी मानेखालचा, मग बुडाखालचा. माझे हात खाली गेले. मी पडू दिलं नाही. कोपराच्या खळगीत ओलसर ऊब बसली. मी खाली पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. तुम्ही तिथे नव्हता.

सुईणबाईंनी झग्याच्या खिशातून डबी काढली आणि झाकण माझ्यासमोर धरलं. आईच्या नावाची जागा कोरीच होती. "इथे शिक्का."

एका हातानं सावरत मी शिक्का उमटवला. हामाजी.

तेवढ्यात तिकडे, टीव्हीसमोर, नऊतले सात जण झोपेत होते ते जागे झाले. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. तातेनो आजोबांनी सुपाचा चमचा खाली ठेवला. त्यांच्या कानात काही नव्हतं, ते यंत्र खणात होतं.

"दूध द्या कुणीतरी तिला," ते म्हणाले. "किती रडतेय."

मला काही ऐकू आलं नाही. पण माझं अंग आपोआप डुलायला लागलं होतं, उजवीकडून डावीकडे, आणि सुईणबाईंनी माझ्यासमोर जमिनीला कपाळ टेकलं. त्या हसत होत्या.

९

आता मार्च आहे. सुईणबाई एक्केचाळीस किलोच्या आहेत. चारला त्या चहा पितात आणि चिगुसाचं लग्न जमवायच्या गप्पा करतात. कोट पुन्हा खुंटीवर आहे, कुणी मागत नाही. खडा मी देवळात परत दिला नाही, तेवढं माझ्याकडून चुकलं.

मी बरी आहे. मनगटाला पट्टा बांधते. घरी स्वयंपाक डाव्या हातानं करायला शिकलेय, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी टीव्ही लावत नाही. शेजारीण विचारते, फुसाए, अलीकडे तुझा चेहरा उजळलाय, काय भानगड आहे? मी म्हणते, वय झालं.

रोज सकाळी कामावर आले की आधी न्हाणीघरात जाते. वजनाच्या खुर्चीवर हात दुमडून बसते, आकडा पाहते. मग उठते, हातातलं टॉवेलांवर नीट ठेवते, आणि मोकळ्या हातांनी पुन्हा बसते. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहिते. रकाना तोच वापरते, वरचं 'सोबत्याला चार्ज केलं' खोडून.

आज सात हजार एकशे दहा भरली. खाली तिघींचे शिक्के आहेत. अजून कुणी काही विचारलेलं नाही.